चंदेरी पट्टी लावलेली डिश

आमच्या वाडीत डिशचा वैद्य म्हणून माझा लौकिक होता. तो तीन दिवसांत कसा धुळीला मिळाला हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ही गोष्ट गेली तर तो ती पाच मिनिटांत उरकेल आणि त्यात माझी बाजू अजिबात येणार नाही.

भाट्याच्या खाडीच्या वर, उतारावर आमचं घर आहे. समोरून दिवसभर खारा वारा येतो. या वाऱ्यात लोखंड फार दिवस जगत नाही. खिडकीचे गज, गेटची कडी, सायकलची चेन, सगळं आतून पोखरत जातं आणि एके दिवशी हातात येतं. टीव्हीची डिश तर बिचारी गच्चीच्या कठड्यावर चोवीस तास उघडी. दोन पावसाळे झाले की तिच्यावर गंजाचे फोड येतात, तिसऱ्याला भोकं पडतात.

म्हणून मे महिन्यात, घरोघर आगोटीची कामं निघाली की मी डिश काढायचो. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची सगळी तयारी. बायको सुकी मासळी डब्यांत भरत असायची, शेजारी कुणी लाकडं रचत असायचं, आणि मी गच्चीवर उघडाबंब, कानावर पाना अडकवून. आधी डिश गोड्या पाण्याने धुवायची, म्हणजे मीठ निघतं. मग बोल्टांना बोटीचं ग्रीस. पुढच्या दांड्यावर मुठीएवढा एलएनबी असतो, डिशवर पडलेलं सगळं गोळा करून खाली टीव्हीला पाठवतो तो. त्याच्या जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर घट्ट गुंडाळायचं. आत तांबड्या मुंगळ्यांनी घर केलेलं असेल तर त्यांना नम्रपणे बाहेर काढायचं, कारण त्या बाबतीत मी एकदा उद्धटपणा केला होता आणि आठवडाभर मला नीट बसता आलं नव्हतं. तारेला घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, भिंतीत शिरत नाही. माझी कामगिरी बघून वाडीतले लोक बोलवायला लागले. मी मिरजोळ्याला आंब्याच्या कॅनिंगमध्ये स्टोअर सांभाळतो. तिथे मला कुणी विचारत नाही. वाडीत मात्र मी पाना घेऊन निघालो की बायका दारात येऊन "आमच्याकडे पण या हो" म्हणायच्या. माणसाला आणखी काय लागतं?

माझ्या घरात मात्र ही डिश हौसेची वस्तू नव्हती. माझी आई तिच्यावर जेवत होती.

आईला विसर पडायला लागला त्याला काही वर्षं झाली. आधी चाव्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग मी. मी तिच्या लेखी घरात ये-जा करणारा एक बरा गृहस्थ आहे. माझ्या बायकोला ती "मास्तरीण" म्हणते, का ते कुणालाच माहीत नाही. हळूहळू ती भूकही विसरायला लागली. घास तोंडाशी नेला की ती ओठ मिटायची आणि भिंतीकडे बघायची. मग एके दिवशी दुपारी साडेबाराच्या बातम्या लागल्या होत्या, आणि बातम्या देणाऱ्या मुलीकडे बघून आई एकदम हसली. म्हणाली, "आली गो बाय!"

बाय म्हणजे तिची धाकटी बहीण. लग्न होऊन राजापूरकडे गेली आणि तिथेच ऐन तारुण्यात वारली. या मुलीचं कपाळ तिच्यासारखं असावं, किंवा मान वळवायची लकब. मी मावशीला पाहिलेलं नाही, तेव्हा सांगू शकत नाही. पण ती मुलगी सरळ आईच्या डोळ्यांत बघून बोलायची, आणि आई "हो का", "अगो बाई", "मग काय झालं" असं करत ऐकायची. त्या "मग काय झालं"च्या वेळी तोंड उघडायचं, आणि माझी बायको त्यात मऊ भाताचा चमचा घालायची. शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, एक चमचा. मंत्री दौऱ्यावर गेले, एक चमचा. अर्ध्या तासाच्या बातम्यांत वाटीभर भात आणि अर्धा पेला सोलकढी जायची. दिवसभराचं जेवण तेवढंच. संध्याकाळी दूध कधी घ्यायची, कधी नाही.

आता सांगतो मी काय करून ठेवलं ते.

त्या वर्षी आगोटीत डिश खाली उतरवली तर तिची अगदी चाळण झालेली. नवीन आणायची म्हणजे कंपनीचा माणूस येणार, तो वाडीत कधी उगवेल ते सांगता येत नाही, आणि आईचं साडेबाराचं गणित एक दिवसही चुकवून चालणार नव्हतं. तेव्हा मला आठवला माझा एक शाळासोबती. तो मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात आहे. थंड पाइपांवर जाड आवरण घालून वरून चिकटवायची एक चंदेरी पट्टी त्यांच्याकडे असते. खरा धातूचा पापुद्रा, मागे डिंक. मासळीबाजाराच्या त्या खाऱ्या ओलीतही ती वर्षानुवर्षं निघत नाही. मी तिचं एक रीळ घेऊन आलो आणि पूर्ण डिश आतून त्या पट्टीने मढवली. एकही सुरकुती राहू नये म्हणून चमच्याच्या पाठीने दोन तास घासली. अशी झळाळली म्हणून सांगू! मी तिच्यात बघून भांग पाडला.

मी घासत असताना खालच्या रस्त्यावरून चाचा एक पाय जरा ओढत चालले होते. चाचा म्हणजे आमच्या खालच्या वळणावरचे. सगळी वाडीच त्यांना चाचा म्हणते. पंचवीसेक वर्षं मस्कतला होते, तिथे मोठ्या इमारतींवर डिशच बसवायचे. ते थांबले, डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघत राहिले आणि म्हणाले, "अरे नाटकवाल्या, ही चमक काढ. डिशला चमक चालत नाही. आम्ही तिकडं मुद्दाम मळका रंग द्यायचो."

नाटकवाल्या एवढ्यासाठी, की आमच्या गणपतीतल्या प्रहसनाचा लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट मी असतो.

मी वरून म्हणालो, "चाचा, मस्कतला ऊन असतं. इथं उद्या-परवा पाऊस येतोय. पावसाला चमकीचं काय वावडं?"

"पाऊस जाईल की नाही?"

"जाईल तेव्हा बघू."

ते मान हलवत गेले. मी डिश जोडली, खाली येऊन टीव्ही लावला, आणि काय चित्र! आईने नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त भात खाल्ला. मला आनंद आवरेना. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींची डिश मढवली. मग त्यांच्या पलीकडच्या काकांची. त्यांना तर मी फुकट आणि आग्रह करून करून दिली. काका नको म्हणत होते. पूर्ण पावसाळ्यात, बाकीच्यांकडे जरा आभाळ भरलं की चित्र फुटायचं, आमच्या तीन घरांत मात्र सगळं स्वच्छ. मी लोकांना खिडकीतून बोलवून दाखवायचो.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण गणपतीच्या प्रहसनात मी एक पात्र घातलं. डोक्याला पंचा, हातात परात, चालताना एक पाय जरा ओढत, आणि दिसेल त्याला "चमक काढ! चमक काढ!" म्हणत फिरणारा एक म्हातारा. तो एका बाईच्या नाकातली चमकी काढायला जातो, एका नवरदेवाच्या टकलावर राख फासतो. लोक हसून हसून खाली बसले. चाचा तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्याकडे बघून मी आणखी एकदा पाय ओढला. ते उठून गेले नाहीत, हसलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटले की ते खाडीकडे बघायला लागले.

हस्त लागला आणि पाऊस मागे सरला. आभाळ घासून ठेवल्यासारखं निळं झालं, भात पिवळं पडायला लागलं. असल्याच एका सकाळी, अकरा वाजून गेले असतील, टीव्हीवरचं चित्र आधी चौकटी-चौकटींचं झालं, मग थांबलं, मग काळ्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी आली. मी रजेवर होतो. म्हटलं, किरकोळ असेल. वर गेलो.

एलएनबीचं तोंड वितळलं होतं. त्याची पांढरी टोपी फुगून, फाटून, मेणासारखी खाली ओघळली होती. मी हात लावला आणि चटका बसून ओरडलो. आभाळात ढग नाही, वीज पडायचा प्रश्न नाही. मग आग आली कुठून? माझा पहिला संशय, सांगायला लाज वाटते, पण चाचांवर गेला. त्यांनी खालून काहीतरी केलं असणार. काय, ते मला सुचेना, पण मस्कतला राहिलेल्या माणसाला काय येत नसेल?

खाली आलो तोवर साडेबारा वाजले होते. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तिच्या खुर्चीत बसून काळ्या पडद्याकडे बघत होती.

"बाय कुठं आहे?"

"येतेय हं आई," बायको म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाइल काढला. बातम्या मोबाइलवर लागतात हे मला काय माहीत नव्हतं? आमच्या उतारावर रेंज अर्धी कांडी येते, तरी दारात उभा राहून, हात उंच धरून मी ती मुलगी मिळवली आणि मोबाइल आईसमोर धरला. आईने वाकून बघितलं. तिचा चेहरा पडला.

"एवढुशी कशी झाली ही? कुणी कोंडली तिला ह्यात?" आणि एकदम रडायला लागली. "काढा तिला! गुदमरेल ती!" मोबाइल भिंतीवर जाऊन आपटला. मग तिने ओठ मिटले.

संध्याकाळपर्यंत मी माझ्याकडचा जुना, राखून ठेवलेला एलएनबी बसवला. टीव्ही लागला. पण ती मुलगी दुपारचीच, संध्याकाळी दुसराच कुणी टाय लावलेला माणूस येतो. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पदर सावरून मान फिरवली. म्हटलं, एक दिवस. उद्या जेवेल.

दुसऱ्या दिवशी मी अकरापासून टीव्हीसमोर पहारा देत होतो. आणि माझ्या डोळ्यांसमोर, कालच्याच वेळेला, चौकटी, थांबलं, काळं. धावत वर गेलो तर एलएनबीतून धूर येत होता.

बायको जिन्याच्या तोंडाशी उभी. तिने एकच विचारलं, "आता?"

शहरात दुकानात फोन केला. त्या जातीचा माल गणपतीआधीच संपलेला, मुंबईहून गाडी आली की देतो म्हणाला. कंपनीला फोन लावला तर एका गोड आवाजाच्या बाईने माझी तक्रार तीनदा लिहून घेतली आणि माणूस येईल म्हणाली. कधी ते तिला ठाऊक नव्हतं. बारा वाजून गेले होते. मी म्हटलं, शेजारी नेऊ. मी आणि बायकोने आईला खुर्चीसकट उचललं आणि कुंपणाच्या फटीतून वहिनींच्या ओटीवर नेलं. आई वाटेत दोन्ही बाजूंना मान झुकवून नमस्कार करत होती, पालखीत बसल्यासारखी.

वहिनी दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या. "या, तुमचीच वाट बघत होते. टीव्ही बंद पडलाय आमचा. कालपासून."

"काकांकडे जाऊ."

"काकांचा पण." त्यांनी आवाज चढवला. "ज्या ज्या घरात तुमचे चांदीवाले हात लागले, तिथंच अंधार. काका तर म्हणतायत, मी नको म्हणत होतो!"

मी ओटीच्या कठड्यावर बसलो. तिथून वाडीतल्या डिशा दिसत होत्या. गंजलेल्या, मळक्या, एक तर कावळ्यांनी पांढरी केलेली, त्या सगळ्या चालू. पण त्या घरांना दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं, तिथून आईला खुर्चीसकट नेणं आम्हा दोघांच्या हातचं नव्हतं. माझ्या तिघी तेवढ्या उन्हात लखलखत होत्या. आणि खाली वळणावर, चाचांच्या गच्चीवर, मातकट रंगाची एक.

चूक कुणाची ते मला त्या क्षणी कळलं. कारण कळलं नव्हतं, पण चूक कळली. तरी मी खाली गेलो नाही. खोटं का सांगू, मी दुसराच उपाय केला. घरी येऊन आईला जागेवर बसवलं, टीव्हीच्या पुढे स्टूल ठेवलं, बायकोची ओढणी खांद्यावर घेतली, हातात कागद धरला आणि बातम्या द्यायला लागलो. आवाज बारीक करून. "नमस्कार. राज्यात आज सर्वत्र..." वीस वर्षं रंगमंचावर आहे मी. स्त्री-भूमिका केल्यात. मान तशीच वळवली, कपाळावर टिकली लावली, मिशीपुढे कागद धरला. मी मोर्चा काढला, पूल बांधला, मुख्यमंत्री बदलला. बायको चमचा घेऊन तयार.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो गृहस्थ, जरा बाजूला व्हा. ती तुमच्या मागं असेल, दिसत नाही."

मी स्टुलावरून उठलो आणि मागच्या पडवीत जाऊन बसलो. बायको आली. तिच्या हातात आईच्या बांगड्या होत्या.

"उतरवून ठेवल्या," ती म्हणाली. "कोपरापर्यंत सरकतायत. काल सकाळपासून चार घोट पाणी गेलंय फक्त. डॉक्टरांना फोन केला मी. उद्या दुपारपर्यंत काही पोटात नाही गेलं तर आणून भरती करा म्हणाले, सलाईन लावू."

मागच्या वर्षी आईला तापात चार दिवस इस्पितळात ठेवलं होतं. गेली तेव्हा ती काठी टेकत चालत गेली होती. तिथे नळी ओढते म्हणून तिचे हात पलंगाला बांधावे लागले. परत आणली ती खुर्चीतून. चालणं तिथेच विसरली. आता नेली तर काय विसरून येईल, येईल की नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

"चाचांकडे जाता की मी जाऊ?" बायको म्हणाली.

"सकाळी जातो."

"तुमची नाटकं होतात," ती म्हणाली, "आणि म्हातारीचे हाल होतात." ती आत गेली. एवढं लागेल असं वाक्य मला वीस वर्षांत लिहिता आलेलं नाही.

सकाळी नऊला मी चाचांच्या दारात उभा होतो. चाची मासे साफ करत होत्या. चाचा झोपाळ्यावर, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, "चाचा, तुमच्याकडे जादा एलएनबी आहे का?"

ते खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आहे की नाही ते मागनं सांगतो. आधी ते कर."

"काय?"

"गणपतीत केलंस ते. आमच्या चाचीला गुडघ्यांमुळं यायला झालं नाही. तिला बघायचंय. परात आहे घरात."

चाची म्हणाल्या, "असू दे ना."

"नाय, करू दे. नट आहे तो."

मी पंचा डोक्याला गुंडाळला. परात घेतली. अंगणात पाय ओढत एक फेरी मारली. "चमक काढ," मी म्हणालो. "मोठ्यानं," चाचा म्हणाले. मी मोठ्याने म्हटलं, "चमक काढ!" चाचींना हसू आलं, त्यांनी मासे धुतलेल्या हाताच्या मनगटाने तोंड झाकलं. मी दुसरी फेरी घेतली, नवरदेवाच्या टकलाचा विनोद केला, आणि तिसऱ्यांदा "चमक" म्हणता म्हणता थांबलो. मी परात खाली ठेवली, तिथेच उकिडवा बसलो, आणि पंच्यात तोंड घातलं.

झोपाळा थांबला.

"काय रे? काय झालं?"

"आई जेवत नाही," मी म्हणालो. "आज तिसरा दिवस. दुपारी भरती करायला सांगितलंय."

बाकीचं मी कसंबसं सांगितलं. बातम्यांचं, बायचं. चाचा उठून उभे राहिले आणि माझ्यावर जे ओरडले!

"मग मघाशी बोलायचं नाय? म्हातारी उपाशी आणि तू इथं परात घेऊन नाचतोस? अक्कल आहे का काय?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"मी म्हटलं म्हणून नाचायचं?" चाचा म्हणाले. चाची त्यांच्यावर उलटल्या, "आणि तुम्ही कशाला नाचवलंत?" चाचा तोवर जिना चढून गच्चीवर गेलेसुद्धा. जादा एलएनबी त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी स्वतःच्याच डिशचा काढला, खिशात घातला, आणि चाचींना म्हणाले, "तुझी मालिका चार दिवस बंद."

चढण चढताना त्यांनी मला समजावून सांगितलं. आभाळात ज्या ठिकाणी उपग्रह असतो, त्याच्या बरोबर मागून वर्षातून दोनदा सूर्य जातो. काही दिवस, रोज काही मिनिटं. डिश उपग्रहाकडे बघते म्हणजे त्या मिनिटांत ती सूर्याकडेच बघते. मळकी असली तर ऊन तिच्यावर पसरून जातं. माझी मात्र आरसा. लहानपणी भिंगाने कागद जाळतात, तसं सगळं ऊन तिने एलएनबीच्या तोंडावर गोळा करून ठेवलं. मेमध्ये सूर्य डोक्यावर होता म्हणून वाचली, मग ढग होते म्हणून वाचली.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज पण येणार. अकरा-सव्वाअकराला. उद्या पण, परवा पण. पट्टी काढ सगळी."

पट्टी निघेना. बर्फाच्या कारखान्याची पट्टी ती. नखांनी, सुरीने, रॉकेलने, कशाने नाही. अर्धा तास आम्ही दोघं डिशला पोटाशी धरून खरवडत होतो आणि टाचेएवढी जागा मोकळी झाली होती. साडेदहा वाजून गेले. चाचा म्हणाले, "राहू दे. रंग आहे काय घरात? कसला पण. नुसती चमक मारायची."

रंग नव्हता. गणपतीच्या वेळी तुळशीला लावून उरलेला गेरू होता. बायकोने तो डिंकाच्या पाण्यात कालवून आणून दिला आणि आम्ही तिघांनी हातांनी ती डिश लिंपली. चाचांनी खिशातला एलएनबी दांड्यावर बसवला, डिशवर एक ओलं गोणपाट टाकलं आणि आम्ही ते दोन बाजूंनी धरून बसलो. सव्वाअकराला ऊन पाठीवर असं बसलं की बनियन अंगाला चिकटलं. चाचांनी घड्याळ बघितलं नाही, सूर्याकडेच तिरक्या डोळ्याने बघत होते. खालून आई कुणाला तरी विचारत होती, आज मंगळवार का. मंगळवार नव्हता.

पावणेबाराला चाचा म्हणाले, "गेला." गोणपाट काढलं. एलएनबी शाबूत होता. चाचांनी डिश एका बोटाने इकडे, केसभर तिकडे केली. खालून बायकोचा आवाज आला, "आलं! आलं!"

साडेबाराला आम्ही सगळे खोलीत होतो. मी आणि चाचा गेरूने कोपरापर्यंत लाल, दाराशी उभे. आईच्या डोळ्यांखाली खळगे पडले होते, ओठ कोरडे. बातम्यांचं संगीत वाजलं. माझ्या मनात आलं, आज ती रजेवर असली तर? पण तीच आली. तीच, निळ्या साडीत. सरळ आईकडे बघून नमस्कार म्हणाली.

बायकोने चमचा पुढे केला. आईने ओठ मिटले आणि मान फिरवली.

"आई, बाय आली ना. बघा."

"कळतंय मला. तीन दिवस कुठं होती ते सांगू दे आधी." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की आम्ही सगळे वाकलो. "मी काय इथं वाट बघत बसायची? विचार तिला."

कुणाला विचारणार? बायको चमचा धरून तशीच. पडद्यावरची मुलगी कुठल्या तरी बैठकीबद्दल सांगत होती. मग एका कारखान्याबद्दल. आई भिंतीकडे बघत होती. चाचा माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते, दुआ असावी. मी दाराची चौकट धरली होती आणि डॉक्टरांकडे जाताना आईला रिक्षात कुठल्या बाजूने बसवायचं याचा विचार करत होतो.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली की विदर्भात नदीला पूर आला आहे, तीन दिवसांपासून रस्ता बंद आहे, आणि एसटीच्या गाड्या जागेवरच अडकून पडल्या आहेत.

आईने हळूच मान वळवली.

"पाणी आलं होतं होय?" ती म्हणाली. "मग तसं सांगायचं."

आणि तोंड उघडलं.

पहिला चमचा बायकोने एवढ्या घाईने भरवला की निम्मा भात हनुवटीवर सांडला. दुसरा नीट गेला. तिसरा. मी मोजत होतो. सातवा चमचा तोंडाशी आला तशी आईने बायकोचं मनगट धरलं आणि चमचा बाजूला केला. मला वाटलं, संपलं.

"तिला दे," आई म्हणाली. "तीन दिवस गाडीत अडकलीवती. उपाशी असेल."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या हातातून चमचा घेतला, टीव्हीपाशी गेलो आणि भात त्या मुलीच्या तोंडापुढे काचेला लावला. ती बोलत राहिली. भात काचेवरून तिच्या निळ्या साडीवर ओघळला.

"सावकाश गो," आई म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी वाट बघायला लागली.